परदेशी व्होल्टेजचा बेस अ‍ॅम्प्लिफायर: प्रश्नाची पार्श्वभूमी

एका देशासाठी बनवलेला बेस अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे बेस गिटारचा आवाज मोठा करणारे यंत्र, दुसऱ्या देशातील वीजपुरवठ्यावर चालवायचा असेल, तर बहुतेकांचे लक्ष फक्त व्होल्टेजकडे जाते. वास्तविक अशा यंत्राबरोबर त्याच्या मायदेशातील वारंवारता आणि अर्थिंगची पद्धतही आलेली असते, आणि या दोन बाबींकडे दुर्लक्ष झाल्यास व्होल्टेज अचूक जुळवूनही काम अर्धवटच राहते.

व्होल्टेजमधील तफावतीचे मूळ विजेच्या दिव्यात आहे. एडिसनने ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीट येथील वीजकेंद्र सुरू केले, तेव्हा पुरवठा सुमारे ११० व्होल्टांचा आणि डीसी होता, कारण त्या काळातील कार्बन तंतूचे दिवे साधारण तेवढ्याच दाबावर, म्हणजे व्होल्टेजवर, नीट टिकत. पुढे एसी आला तरी घरोघरचे दिवे तेच राहिले, त्यामुळे अमेरिकेने तो आकडा फारसा बदलला नाही. आज तो १२० आहे. बर्लिनच्या वीज कंपनीने मात्र १८९९ च्या सुमारास २२० व्होल्टांकडे वळण्याचा निर्णय घेतला. दाब दुप्पट केला की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह निम्मा लागतो आणि तारांमधील नासाडी एक चतुर्थांशावर येते. जमिनीखाली टाकलेल्या तांब्याच्या तारांमधूनच अधिक ग्राहकांना वीज देण्याचा तो अत्यंत शहाणपणाचा मार्ग होता. युरोपात हीच पद्धत रुजली. ब्रिटनचे २४० आणि इतरांचे २२० यांचा मेळ घालून २३० हा समान आकडा ठरला, तो १९९५ मध्ये ब्रिटनमध्येही लागू झाला.

वारंवारतेची फाळणीही त्याच काळातली आहे. जर्मन कारखान्यांनी ५० हर्ट्झ, तर अमेरिकन कारखान्यांनी ६० हर्ट्झ स्वीकारले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन आणि ओसाकाने अमेरिकन जनित्रे घेतल्यामुळे जपानच्या पूर्व आणि पश्चिम भागांत आजही वेगवेगळी वारंवारता आहे, व्होल्टेज मात्र दोन्हीकडे १०० आहे.

विजेवर चालणारा बेस गिटार व्यापारी पातळीवर १९५१ मध्ये फेंडरच्या ‘प्रिसिजन बेस’मुळे स्थिरावला, आणि पुढच्याच वर्षी त्याच्यासाठी ‘बासमन’ हा अ‍ॅम्प्लिफायर आला. १९६२ मध्ये लंडनमध्ये मार्शलने बासमनच्याच मंडलरचनेवरून आपला पहिला अ‍ॅम्प्लिफायर बनवला, तेव्हा त्यात साहजिकच ब्रिटिश पुरवठ्याला साजेसा ट्रान्सफॉर्मर बसवला गेला. १९६९ मध्ये अँपेगचा ‘एसव्हीटी’ आला: चौदा व्हॉल्व्ह, ३०० वॉट, आणि त्यांना पोसणारा अतिशय जड ट्रान्सफॉर्मर. खालच्या सुरांना शक्ती फार लागते, म्हणूनच बेसच्या यंत्रात हा भाग एवढा मोठा आणि बदलायला महाग असतो.

रूपांतर सोपे की अवघड, हे त्या ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर, म्हणजे मेन्सला जोडलेल्या तारेच्या वेटोळ्यावर (वाइंडिंगवर), ठरते. निर्यातीचा विचार करणारे उत्पादक १२० व्होल्टांची दोन वाइंडिंग देत असत: ती समांतर जोडली की १२०, एकसर जोडली की २४०. एकसर जोडताना एकाचे टोक दुसऱ्याच्या आरंभालाच जोडावे लागते. दिशा उलटली तर दोन्ही चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना निष्प्रभ करतात आणि फ्यूज लगेच उडतो. दाब दुप्पट झाल्यावर फ्यूजचा अँपिअर आकडा निम्मा करणे आवश्यक असते, आणि घाईत नेमके हेच राहून जाते. १२० व्होल्टांचा पंखा थेट मेन्सवर जोडलेला असेल, तर त्याचीही वेगळी सोय करावी लागते. देशांतर्गत विक्रीसाठीच्या नगांत मात्र अनेकदा एकच वाइंडिंग असते. तेथे ट्रान्सफॉर्मर बदलणे किंवा बाहेरून पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन (व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) लावणे, एवढेच पर्याय उरतात.

स्टेप-डाउनने व्होल्टेज बदलते, वारंवारता नाही. ६० हर्ट्झसाठी हात राखून बनवलेल्या गाभ्याला त्याच व्होल्टेजवर ५० हर्ट्झ दिले, तर त्यातील चुंबकीय प्रवाह वीस टक्क्यांनी वाढतो, गाभा संपृक्ततेकडे जातो आणि ट्रान्सफॉर्मर रिकामा असतानाही तापतो. मेन्समुळे अ‍ॅम्प्लिफायरमधून येणारी गुणगुणही जागा बदलते: ५० हर्ट्झ हा बेसच्या जाड तारेवरील तिसऱ्या पडद्याच्या ‘जी’ सुराच्या, म्हणजे ४९ हर्ट्झच्या, अगदी शेजारी येतो, त्यामुळे त्या सुरावर ती लहरत असल्यासारखी ऐकू येऊ शकते.

अर्थिंगचा वारसा सर्वांत धोकादायक आहे. साठच्या दशकातील अनेक अमेरिकन अ‍ॅम्प्लिफायरना दोन पिनांचा प्लग असे, आणि गुणगुण कमी करण्यासाठी मेन्सच्या एका तारेतून चासीकडे (यंत्राच्या धातूच्या सांगाड्याकडे) एक कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग, जोडलेला असे. तो फुटून शॉर्ट झाला तर मेन्सचा दाब चासीवर आणि तेथून गिटारच्या तारांवर येतो. २३० व्होल्टांवर त्याच्यावरचा ताण आणि धोका दोन्ही वाढतात. म्हणून तो काढून तीन तारांची, अर्थ चासीला पक्की जोडलेली केबल बसवणे हा रूपांतराचाच भाग मानला पाहिजे. हे काम जाणकार तंत्रज्ञानेच करावे, कारण एसव्हीटीसारख्या यंत्रात सुमारे ७०० व्होल्टांचा डीसी असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो कपॅसिटरमध्ये साठून राहू शकतो.

अलीकडच्या हलक्या यंत्रांत जड ट्रान्सफॉर्मरऐवजी स्विच-मोड (वेगाने चालू-बंद होणाऱ्या मंडलाचा) पुरवठा असतो आणि त्यांपैकी बरेच १०० ते २४० व्होल्ट आपोआप स्वीकारतात. काहींत मात्र ११५ आणि २३० अशी निवड करणारा खटका असतो. ११५ च्या स्थितीत आतले मंडल व्होल्टेज दुप्पट करते, जेणेकरून दोन्ही स्थितींत सुमारे ३२० व्होल्टच डीसी मिळावा. खटका ११५ वर ठेवून २३० चा पुरवठा जोडला, तर हाच दाब दुपटीकडे जातो आणि आतले कपॅसिटर फुटतात.