रिख्टरची सोनाटा-मुद्रणे : मैफलीतील

सोव्हिएत पियानोवादक स्वियातोस्लाव रिख्टर (२० मार्च १९१५–१ ऑगस्ट १९९७) याने जाहीर मैफलींत वाजवलेल्या सोनाटांची (अनेक भागांच्या वाद्यरचनांची) ध्वनिमुद्रणे. युक्रेनमधील झिटोमिर येथे जन्मलेला रिख्टर मॉस्कोत पियानोवादक-शिक्षक हाइनरिख नॉयहाउसकडे शिकला. स्टुडिओत वाजवणे त्याला फारसे रुचत नसे. त्यामुळे त्याचे वादन मोठ्या प्रमाणावर रेडिओच्या प्रक्षेपणांतून आणि सभागृहात घेतलेल्या फितींवरूनच आपल्यापर्यंत आले आहे. खोकला, खुर्चीची करकर, चुकलेला सूर, सारे त्यात आहे.

ऑक्टोबर १९६० मध्ये अमेरिकेच्या पहिल्या दौऱ्यात त्याने न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मैफलींची मालिका केली. १९ तारखेच्या पहिल्या मैफलीत केवळ संगीतकार बेथोव्हेनच्या रचना होत्या: पाच सोनाटा, शेवटी ‘अपासिओनाटा’. तिच्या अखेरच्या भागात तो असा बेभान सुटतो की काही सूर निसटतात. तरीही याच रचनेचे त्याचे स्टुडिओतील नेटके मुद्रण त्यापुढे फिके वाटते. २३ तारखेच्या मैफलीत प्रोकोफिएव्हच्या सहाव्या आणि आठव्या सोनाटा होत्या. या संगीतकाराच्या सातव्या सोनाटाचे पहिले वादन रिख्टरनेच १९४३ मध्ये मॉस्कोत केले होते आणि नववी त्यालाच अर्पण केलेली आहे.

नोव्हेंबर १९६३ मधील लाइपझिगच्या मैफलीत बेथोव्हेनच्या शेवटच्या तिन्ही सोनाटा (ओपस म्हणजे रचना-क्रमांक १०९, ११०, १११) एकाच संध्याकाळी मुद्रित झाल्या.

सर्वाधिक वाद झाला तो शूबर्टच्या बी-फ्लॅट मेजर सोनाटावरून (त्याच्या रचनांच्या सूचीतील क्रमांक डी. ९६०). १९६४ मध्ये इंग्लंडच्या ऑल्डबरा महोत्सवात रिख्टरने ती वाजवली. संगीतकाराने लिहिलेली प्रत्येक पुनरावृत्ती वाजवलीच पाहिजे, हा त्याचा आग्रह. त्यात लय अतिशय संथ. परिणामी पहिला भाग एकटाच सुमारे चोवीस मिनिटांचा झाला. विलंबित लयीची सवय असलेल्या कानाला त्यात वावगे वाटणार नाही, पण पाश्चात्त्य श्रोत्यांत या वादनाबद्दल आजही दोन तट पडतात.

उत्तरायुष्यात तो सभागृह अंधारे ठेवून, समोरच्या स्वरलिपीवर लहानसा दिवा लावून वाजवी. लोकांनी वादकाकडे न पाहता संगीत ऐकावे, ही भूमिका. वादक म्हणजे संगीतकाराचा आरसा, असे तो मानी. मात्र एकच सोनाटा त्याने वेगवेगळ्या वर्षी वाजवलेली ऐकली की प्रत्येक वेळी हा आरसा निराळे रूप दाखवतो.

संग्राहकाने तारखांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. काही तबकड्यांवर चुकीचे ठिकाण वा वर्ष छापले गेले आहे. एकच मैफल दोन नावांनी विकली गेल्याचेही आढळते. बेथोव्हेनच्या बत्तीस सोनाटांचा पूर्ण संच या संग्रहात शोधू नये: ‘मूनलाइट’ आणि ‘वाल्डस्टाइन’ यांसारख्या लोकप्रिय रचना त्याने मैफलींसाठी कधी घेतल्याच नाहीत.