चित्र येत नसलं तरी चालेल : ताण हलका करण्यासाठी रंग कसे वापरावेत

आमच्याकडे रंग घ्यायला येणारे बरेच जण आल्या आल्या सांगून टाकतात, "मला चित्र काढता येत नाही हं. डोकं जरा शांत व्हावं म्हणून हवंय." हे माहितीपत्रक त्यांच्यासाठीच आहे. ताण उतरवायला रंग हाती घ्यायचे तर चित्रकला यायलाच हवी अशी अट नाही, असं आमचं ठाम मत आहे. त्याला थोडा अभ्यासाचाही आधार आहे.

अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी ३९ प्रौढांना मार्कर, माती आणि कोलाजचं साहित्य दिलं आणि ४५ मिनिटं हवं ते करू दिलं. ताण आला की शरीरात कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक वाढतं. ते आधी आणि नंतर लाळेतून तपासलं, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश लोकांमध्ये कमी झालेलं आढळलं. कलेचा अनुभव असलेल्या आणि नसलेल्या लोकांत लक्षणीय फरक दिसला नाही. अभ्यास लहान होता, काही जणांचं कॉर्टिसोल उलट वाढलंही होतं, तेव्हा याला रामबाण उपाय समजू नये. पण नवख्यांना धीर यावा एवढं त्यात नक्की आहे.

आज मन कसं आहे, ते आधी बघा

डोक्यात विचारांची गर्दी असताना समोर कोरा कागद आला की पुष्कळांना दडपण येतं. काय काढू, हा आणखी एक प्रश्न वाढतो. अशा दिवशी आधीच आखलेल्या आकृतीत रंग भरावेत. २००५ मधल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना आधी थोडं अस्वस्थ करून मग २० मिनिटं रंगवायला बसवलं होतं. मंडल (गोलात बसवलेली नक्षी) किंवा चौकटींची नक्षी रंगवणाऱ्यांची अस्वस्थता कोऱ्या कागदावर मनाला येईल ते रंगवणाऱ्यांपेक्षा जास्त उतरली. पुढच्या अभ्यासांचे निकाल थोडे इकडेतिकडे झाले, तरी आमच्या ग्राहकांना ही वाट सोपी जाते हे आम्ही रोज पाहतो. त्यासाठी छापील पुस्तक घ्यायलाच हवं असं नाही. एखादं गोल झाकण कागदावर ठेवून पेन्सिलने एकात एक अडकलेली वर्तुळं काढा. जे कप्पे तयार होतील ते एकेक करून भरत जा.

राग किंवा चिडचिड असेल तर बारीक काम नको. मोठा कागद चिकटपट्टीने टेबलावर पक्का करा, तेलखडू घ्या आणि हात खांद्यापासून फिरू द्या. खडू तुटला तर तुटू दे, तुकड्याने उलट जास्त चांगलं रंगवता येतं. माती मिळत असेल तर तीही मळून, दाबून बघा.

जलरंगांसाठी थोडा सबुरीचा वेळ

आमचा सर्वांत आवडता प्रकार म्हणजे ओल्या कागदावर रंग सोडणं. ३०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन; आकडा मोठा तितका कागद जाड) जलरंगाचा कागद घ्या. वहीचा कागद पाणी लागताच सुरकुततो आणि उगाच वैताग येतो. रुंद ब्रशने कागदावर नुसतं पाणी फिरवा. मग कागद तिरका धरून बघा. पाणी साचलेलं दिसलं तर थोडं थांबा. फक्त ओलसर चमक उरली की ब्रशच्या टोकाने निळा रंग टेकवा. तो आपोआप पसरत जातो, कडा धूसर होतात. थोड्या अंतरावर पिवळा टेकवा. दोन्ही एकमेकांत मिसळतील तिथे हिरवा उमटतो, आणि प्रत्येक वेळी वेगळा उमटतो. इथे तुम्हाला करण्यासारखं फार काही नसतं, बघण्यासारखं असतं. कागदावरची चमक गेली की हात आवरा. अर्धवट सुकलेल्या रंगावर पाणी पडलं तर दातेरी कडांचे डाग उठतात.

सगळं आपल्या ताब्यात असावं असं ज्यांना वाटतं, त्यांना हा प्रकार सुरुवातीला त्रासदायक वाटू शकतो. त्यांनी खुशाल रंगीत पेन्सिलींकडे वळावं.

एक आग्रहाची विनंती : काढलेलं लगेच कोणाला दाखवू नका आणि फोटोही काढू नका. कोणी बघणार आहे म्हटलं की हात आखडतो.

साहित्य जपा, स्वतःलाही जपा

ॲक्रिलिक (पाण्यात मिसळणारा, पण सुकल्यावर पक्का होणारा रंग) लवकर सुकतं, म्हणून ब्रश पाण्यात ठेवा आणि काम संपताच धुवा. टोक करायला ब्रश ओठात धरायची सवय असेल तर ती सोडा. काही छटांमध्ये कॅडमियमसारखे घातक धातू असतात. तैलरंगांसोबत टर्पेंटाइन आलं की खिडकी उघडी हवी. नवख्यांना आम्ही तैलरंग सुचवतच नाही.

रंग कुठवर पुरतात

आजारपणात चित्र काढल्याने येणाऱ्या उभारीला 'आर्ट थेरपी' हे नाव ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी १९४२ मध्ये दिलं. ते स्वतः क्षयातून बरे होत असताना चित्रं काढत होते. आज ती प्रशिक्षित व्यक्तीने करायची उपचारपद्धती आहे. आम्ही रंगविक्रेते आहोत, उपचार करत नाही. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप-भूक बिघडली किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर आधी डॉक्टरांना गाठा. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी कोणाला तरी सांगा.

पहिल्या खरेदीत काय घ्यावं

मोठा संच घेऊ नका. १२ तेलखडू आणि एक मोठी चित्रवही, किंवा लाल, पिवळा, निळा हे तीन जलरंग, एक गोल ब्रश, एक रुंद ब्रश आणि चार-पाच जाड कागद पुरेत. यातलं कोणतं हाताला बरं वाटतं ते ठरत नसेल, तर घेण्याआधी आमच्याकडे बसून लावून बघा. सरावाचे कागद आम्ही देतो.