ऋषीची भाजी: बैलाच्या कष्टाचं नको म्हणजे नेमकं काय?

गणपती बसले की दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, करायच्या ऋषीच्या भाजीवरून दरवर्षी तेच प्रश्न येतात, मका घालायचा का, फोडणी दिली तर काय बिघडलं, बाजारातून आणलेली चालते का, आणि सगळ्यात जास्त म्हणजे आता शेतात बैल राहिलेत कुठे. भाजी कशी करायची ते सगळ्यांना येतंच, म्हणून तेवढं सोडून मागचं लिहितेय.

मूळ नियम एका वाक्याचा, त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. म्हणजे नांगरलेल्या शेतातला भात, गहू, डाळी गेल्या, तेलही गेलं कारण घाणा बैल ओढायचा, गूळसुद्धा गेला कारण उसाचा चरक पण बैलच फिरवायचा. मग उरलं ते परसात कुदळीने खणून लावलेलं नाहीतर आपोआप आलेलं. अळू, सुरण, माठ, मांडवावरची पडवळं-दोडकी, झाडाची चिंच, माडाचा नारळ. जोडीला वरीचा भात, कारण कोकणात वरी डोंगरउतारावर हाताने लावायचे, किंवा पाणथळीत आपोआप उगवणारं देवभात. भाद्रपदात कोकणातल्या परसात जे काही हिरवं असतं ते सगळं या एका टोपात येतं.

बैलच का, याचं उत्तर ऋषिपंचमीच्या कहाणीत आहे आणि ते हल्ली कोणी सांगत नाही. मुलाच्या गोठ्यातला बैल हा त्याचा मेलेला बाप असतो आणि दारातली कुत्री ही आई. श्राद्धाच्या दिवशी मुलगा त्याच बैलाला दिवसभर राबवतो, वर उपाशी ठेवतो. खिरीत सापाचं गरळ पडलेलं कुत्री बघते, कोणी मरू नये म्हणून भांड्याला तोंड लावते, तर सून तिला मारते. रात्री दोघं एकमेकांना हे सांगत असतात आणि मुलगा ऐकतो. आता आईला हा जन्म का आला, तर म्हणे तिने मासिक पाळीचा विटाळ मानला नाही म्हणून. हा भाग मला अजिबात मान्य नाही, माझ्या आईलाही नव्हता. तिने ऋषिपंचमीचं व्रत सोडलं आणि भाजी ठेवली, आणि आमच्या ओळखीतल्या कितीतरी घरांत असंच झालंय.

तर ट्रॅक्टर. एक बाजू म्हणते नांगर ट्रॅक्टरने चालतो, तेल गिरणीत निघतं, मग आता पोळी पण चालायला हवी. दुसरी बाजू म्हणते बाजारचं काहीच नको कारण कुठल्या शेतातलं आहे ते कळत नाही. मला विचाराल तर पहिलं गणित साफ चुकीचं आहे. कहाणीत प्रश्न जमीन कशाने नांगरली हा नाहीच, ज्याच्या पाठीवर घर जेवलं तो उपाशी राहिला हा आहे. त्याची आठवण म्हणून एक दिवस शेतातलं बाजूला ठेवायचं, मग गोठ्यात बैल असो नसो. दुसऱ्या बाजूचं म्हणणं मला कळतं, पण ज्यांना परसच नाही त्यांनी काय करायचं?

मुंबईच्या गिरणगावात आलेल्या कोकणी माणसांपुढे हाच प्रश्न होता. चाळीत दोन खोल्या आणि गॅलरीत एक तुळस, त्यामुळे गावी न गेलेल्या घरांत ही भाजी बाजाराची झाली. लालबाग-दादरला आदल्या दिवशी वाटे लागायचे, सुरणाचा तुकडा, अर्धं कणीस, चार भेंड्या, अळूचे देठ, सगळं थोडं थोडं, कारण एका घराला एवढंच लागतं. आता चिरलेली पाकिटं मिळतात. रेल्वेच्या रुळांलगतचं अळू आणि माठ नियमात अगदी बसायचे कारण तिथे सगळं हातानेच खणायचे, पण तिथलं पाणी बघितल्यावर आईने ते कधी घेतलं नाही.

मक्याबद्दल. मका, मिरची, लाल भोपळा तिन्ही मूळचे अमेरिकेतले, आपल्याकडे आले ते 1498 नंतर, पोर्तुगीज जहाजं यायला लागल्यावर. त्यामुळे ऋषींच्या काळापासून हीच भाजी असं काही नाही. पण म्हणून ते काढून टाका असंही मी म्हणणार नाही, परसात रुजलं ते टोपात आलं, एवढाच हिशोब दिसतो. बटाटा मात्र बऱ्याच घरांत घालत नाहीत आणि रताळं घालतात, आणि गंमत म्हणजे हे दोन्ही अमेरिकेतलेच, बटाटा हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आला आणि त्याचा आधीचा अर्थ रताळंच होता. मला वाटतं बटाटा बाहेर राहिला कारण कोकणातल्या परसात तो होत नाही, तो घाटावरच्या शेतातून पोत्याने येतो.

फोडणी नाही कारण तेल नाही. त्यामुळे चव सगळी चिंचेवर आणि ओल्या खोबऱ्यावर. चिंच फक्त आंबटपणासाठी नसते, अळू-सुरणाची खाज तिच्याने मरते, म्हणून ती कमी करू नका. सुरण आणि कणसाचे तुकडे आधी, पालेभाजी शेवटी. आणि वरून लोणी घालायचं, ते चालतं, ते दुधातलं आहे, बैलाच्या कष्टाचं नाही.