दहापैकी चार का, तीन का नाही?

शून्य ते दहा अशी एक पट्टी डोळ्यांसमोर आणा. दहा म्हणजे आयुष्य अगदी हवं तसं चाललंय, शून्य म्हणजे सगळंच बिनसलंय. आज तुम्ही कुठे आहात? समजा, तुम्ही म्हणालात, चार. घरचं माणूस काळजीने विचारेल, "चारच? काय झालं?" प्रशिक्षित लाइफ कोच, म्हणजे आयुष्यातली ध्येयं गाठायला प्रश्नांतून मदत करणारा माणूस, मात्र विचारतो, "चार का? तीन का नाही?"

मग आपण शोधायला लागतो. झोप बरी लागते. बहिणीचा रोज फोन येतो. गेल्या महिन्यात दोनदा का होईना, पहाटे टेकडीवर जाऊन आलो. म्हणजे काहीतरी आधीच जमतंय, आणि त्यातलं काही आपण स्वतः केलंय. पुढचा प्रश्न येतो, "चाराचे पाच झाले, तर ते तुम्हाला कशावरून कळेल?" दहा नव्हे, फक्त पाच.

अमेरिकेत मिलवॉकी इथे स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग या दांपत्याने घडवलेल्या उपायकेंद्री समुपदेशन पद्धतीतली ही पट्टी. आपल्याकडे कोचिंग म्हटलं की दहावी-बारावीचे क्लास आठवतात. समोरचा सांगतो, आपण उतरवून घेतो. इथे उत्तर ज्याचं त्यानेच शोधायचं असतं.

याने खरोखर काही फरक पडतो का? सिडनी विद्यापीठात अँथनी ग्रँट यांनी २००० साली कोचिंगच्या मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू केला. सूझी ग्रीन, लिंडसे ओड्स आणि ग्रँट यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांनी ५६ प्रौढांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला दहा आठवडे कोचिंग मिळालं, दुसरा गट प्रतीक्षायादीत राहिला. कोचिंग मिळालेल्यांची ध्येयाकडे वाटचाल, आशा आणि मनःस्वास्थ्य हे सगळं वाढलेलं दिसलं. त्यातले काही लाभ तीस आठवड्यांनंतरही टिकून होते. गट लहान होता, हे खरं. पण सुरुवात भक्कम होती.

हे का घडत असावं, याचा एक धागा बराच मागे जातो, आणि तो क्लेशदायक आहे. १९६७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मेयर यांनी कुत्र्यांना विजेचे झटके दिले. काही कुत्र्यांना डोक्याने फळी दाबून झटका थांबवता येत होता. काहींना तेवढेच झटके बसत, पण ते थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं. दुसऱ्या टप्प्यात फक्त एक अडसर ओलांडला की सुटका होती. पहिले कुत्रे उडी मारून गेले. दुसऱ्या गटातले बहुतेक जागीच पडून राहिले. 'काही करून उपयोग नाही' हे ते शिकले, असा निष्कर्ष निघाला आणि पुढे अनेक दशकं तोच शिकवला गेला.

पुढे मेयर उंदरांच्या मेंदूच्या अभ्यासाकडे वळले, आणि २०१६ मध्ये याच दोघांनी आपला जुना निष्कर्ष उलटा केला. दीर्घ त्रासात हातपाय गाळणं ही मेंदूची जन्मजात प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते 'माझ्या करण्याने फरक पडतो' हे. तसा अनुभव आला की मेंदूचा कपाळामागचा भाग खालच्या घाबरलेल्या केंद्राला शांत करतो. पन्नास वर्षांनी स्वतःचीच चूक छापून मान्य करणाऱ्या या दोघांबद्दल मला आदर वाटतो. चाराचे पाच करण्यामागचं बळही मला इथेच दिसतं. पाऊल इतकं लहान हवं की ते पडेलच, आणि पडल्यावर ते आपण टाकलं हे कळेल.

सेलिगमन १९९८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष झाले. आजारासोबत मनाच्या बलस्थानांचाही अभ्यास व्हावा, असा आग्रह त्यांनी धरला. तेच सकारात्मक मानसशास्त्र. त्यांच्या गटाने २००५ मध्ये ५७७ जणांवर केलेल्या चाचणीतला एक सराव अगदी साधा होता. आठवडाभर रोज रात्री दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे 'हे का घडलं' तेही लिहायचं. सहा महिन्यांनीही त्या गटाचा आनंद वाढलेला आणि उदासी कमी झालेली दिसली. नंतरच्या मोठ्या आढाव्यांमध्ये अशा सरावांचा सरासरी परिणाम बराच लहान निघाला, हेही सांगायला हवं. माझ्या मते यातला जीव त्या 'का'मध्ये आहे. 'भाजी छान झाली' इथे थांबलं तर ती नुसती नोंद. 'आज घाई न करता मंद आचेवर ठेवली म्हणून' असं लिहिलं की आपला हात दिसतो.

आरशासमोर उभं राहून 'मी छान आहे' म्हणण्याची गोष्ट वेगळी. कॅनडात जोआन वुड यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की ज्यांचा आत्मसन्मान मुळात कमी आहे, त्यांना अशी वाक्यं घोकून उलट वाईट वाटतं. मन आतून 'खोटं आहे' म्हणतं. ज्यांना आधार सर्वांत जास्त हवा, त्यांच्याच हाती आपण हे औषध देतो, याचं मला फार वाईट वाटतं.

त्यापेक्षा मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांची 'जर-तर' योजना कितीतरी सच्ची आहे. 'व्यायाम करेन' असं म्हणायचं नाही. 'संध्याकाळी चहाचा कप विसळून ठेवला, की चपला घालून कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जाईन' असं ठरवायचं. २००६ मध्ये ९४ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा अशा योजनांनी ध्येय गाठायला चांगलीच मदत होते असं दिसलं. वेळ आणि जागा आधीच ठरलेली असल्याने त्या क्षणी मनाशी वाद घालावा लागत नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याही कोचने पहिल्याच भेटीत तपासायला हवी. ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांत आढळलं, की लाइफ कोचिंगसाठी येणाऱ्यांपैकी निदान पाव भाग माणसांना उपचारांची गरज भासावी इतका मानसिक त्रास होता. ती माणसं ध्येयाबद्दल बोलतात, कारण दुःखाबद्दल बोलायला जीभ रेटत नाही. आपल्याकडे तर कोणीही स्वतःला लाइफ कोच म्हणवून घेऊ शकतं. पट्टीवरचा आकडा आठवडेच्या आठवडे एक-दोनवर अडकला असेल, झोप-भूक गेली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वही आणि जर-तर बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन दिवसरात्र सुरू असते. क्रमांक १४४१६. फोन मोफत आहे, आणि मराठीत बोलता येतं.