मोठ्या कॅलिबरचं पिस्तूल रेंजवर चालवून बघण्याआधी

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

चाचणीची वेळ ठरली की हे पत्रक आम्ही तुमच्या हातात देतो आणि बहुतेक जण ते घडी करून खिशात ठेवतात. हरकत नाही. सगळं नाही वाचलंत तरी चालेल, पण "पहिल्या मॅगझिनमध्ये एकच राउंड" हा भाग (मॅगझिन म्हणजे काडतुसं भरायची डबी, राउंड म्हणजे एक काडतूस) वाचल्याशिवाय फायरिंग लाइनवर येऊ नका. तिथे वाद घालायला आम्हाला आवडत नाही आणि कानावर मफ चढवल्यावर वाद ऐकूही येत नाही.

आमच्याकडे दोन प्रकारचे लोक येतात. काहींना मोठं पिस्तूल एकदा तरी हातात धरून चालवून बघायचं असतं. काहींकडे स्वतःचं असतं, नवं घेतलेलं किंवा बरीच वर्षं कपाटात पडून राहिलेलं, आणि ते नीट चालतं का हे त्यांना बघायचं असतं. दोघांचाही पहिला प्रश्न ठरलेला: "झटका किती बसतो हो?" खरं तर त्याच्या आधीचा प्रश्न असा की ते पिस्तूल तुमच्या हातात चालेल का? सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे दर राउंडनंतर पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या पिस्तुलाच्या यंत्रणेत तुमचं मनगटही धरलेलं असतं. ते कसं, हे पुढे येईलच.

मोठं म्हणजे किती मोठं

कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळीच्या आतल्या भोकाचा व्यास, तोही बहुधा इंचाच्या हिशेबात. .४५ म्हणजे ११.४३ मिलिमीटर, .५० म्हणजे १२.७. या आकड्यावरून भोक किती मोठं ते कळतं, काडतुसात दम किती ते कळत नाही.

९ मिलिमीटरची साधारण साडेसात ग्रॅमची गोळी सेकंदाला ३६० मीटरच्या आसपास वेगाने सुटते. .४५ एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल) या काडतुसाची गोळी जवळपास दुप्पट जड, १५ ग्रॅमची, पण वेग सुमारे २५५ मीटर. हिशेब केला तर दोघींची ऊर्जा ४८० ज्यूलच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सारखीच येते. शिवाय .४५ एसीपीच्या चेंबरमधल्या (नळीच्या मागे काडतूस बसतं त्या जागेतल्या) दाबाची मानक मर्यादा दर चौरस इंचाला २१,००० पाउंड आहे आणि ९ मिलिमीटरची ३५,०००. त्यामुळे .४५ हाताला फटका मारत नाही, ढकलतं. पहिल्यांदा चालवणारे बरेच जण "एवढंच?" असं म्हणतात.

मग तेच लोक .५० एई (ॲक्शन एक्सप्रेस) काडतुसाचं पिस्तूल मागतात. .४५ पासून .५० कडे गेलं तर व्यास जेमतेम सव्वा मिलिमीटरने वाढतो, म्हणून वाटतं की एक पायरी वर जायचंय. प्रत्यक्षात .५० एईची गोळी १९ ग्रॅमच्या वर असते, वेग सेकंदाला साधारण ४५० मीटर आणि ऊर्जा २,००० ज्यूलच्या घरात, म्हणजे .४५ च्या चौपट. एक पायरी म्हणता म्हणता तुम्ही तीन मजले चढलेले असता. यासाठीच .५० मागणाऱ्याला आम्ही आधी .४५ देतो. कुणाला कमी लेखायचा हेतू नसतो.

दोन पिस्तुलं, दोन स्वभाव

आमच्या टेबलावर मुख्यतः दोन घराणी असतात. एक, अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगने आखलेलं १९११ पद्धतीचं .४५. यात गोळी सुटते तेव्हा नळी आणि स्लाइड (नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग) एकमेकींत अडकलेल्या असतात. दोघी मिळून जराशा मागे सरकतात, मग नळीचा मागचा भाग खाली झुकून मोकळा होतो आणि स्लाइड एकटी मागे जाते. जाताना ती रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि परत येताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये ढकलते.

दुसरं डेझर्ट ईगल. त्याची नळी जागची हलत नाही. चेंबरच्या थोडं पुढे नळीला बारीक छिद्र असतं. तिथून थोडा गॅस नळीखालच्या वाटेने पुढे जातो, पिस्टनला दाबतो आणि पिस्टन स्लाइडला मागे ढकलतो. बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा भाग, फिरून उघडतो, रायफलीत असतो तसा. सहा इंची नळीचं .५० एईचं पिस्तूल रिकामं असतानाच सुमारे दोन किलो भरतं. ते वजन झटका सुसह्य करतं, पण दहा-बारा राउंडनंतर तेच वजन हात थरथरायला लावतं. हात थरथरायला लागला की थांबा. "आलोच आहे तर सगळे संपवतो" म्हणून मारलेले शेवटचे राउंड कागदावर कुठेही जातात, कधी कागदावर जातही नाहीत.

गॅसच्या त्या बारीक छिद्रामुळे एक गोष्ट कटाक्षाने पाळावी लागते: डेझर्ट ईगलमध्ये उघड्या शिशाच्या गोळ्या चालत नाहीत. शिसं खरवडून छिद्रात बसतं आणि छिद्र बुजतं. तांब्याचं आवरण असलेल्या गोळ्याच आणा.

काडतुसांच्या बाबतीत आणखी एक. नळीवर किंवा स्लाइडवर जे नाव कोरलंय तेच खोक्यावर हवं. .४५ एसीपी आणि .४५ ऑटो ही एकाच काडतुसाची दोन नावं आहेत, तिथे घाबरू नका. पण .४५ कोल्ट हे मुळात रिव्हॉल्व्हरचं वेगळं काडतूस आहे आणि .४५ जीएपी त्याहून वेगळं. नुसता ".४५" हा आकडा बघून खोकं उचलून आणणारे महिन्याला एखाददुसरे भेटतातच.

पहिल्या मॅगझिनमध्ये एकच राउंड

मॅगझिन सात-आठ राउंडचं असलं तरी पहिल्यांदा त्यात आम्ही एकच भरतो. तुम्ही पट्टीचे नेमबाज असलात तरी, तुमचं स्वतःचं पिस्तूल असलं तरीही.

कारण असं. मोठ्या पिस्तुलाचा पहिला राउंड सुटला की नळी वर उसळते आणि हात दचकतो. दचकलेला हात काय करतो? जे हातात आहे ते घट्ट आवळतो. बोट चापावरच असतं. सेमी-ऑटोमॅटिकने तोवर पुढचं काडतूस चेंबरमध्ये भरलेलं असतं, ते त्याचं कामच आहे. आणि मग दुसरा राउंड सुटतो, न ठरवता, नळी छताकडे किंवा त्याहून मागे वळलेली असताना. हे सगळं इतक्या पटकन घडतं की शेजारी उभा असलेला प्रशिक्षकही हात घालू शकत नाही. राउंड एकच असेल तर दुसऱ्यांदा बोट आवळलं गेलं तरी काही होत नाही.

पहिला एक. तो नीट गेला, नळी किती उठली ते आम्ही पाहिलं, की दुसऱ्या खेपेला दोन. पूर्ण मॅगझिन कधी भरायचं ते प्रशिक्षक ठरवतो. काही जणांच्या बाबतीत तो त्या दिवशी ठरवतच नाही.

पकड

पकड सैल असेल तर पिस्तूल अडतं. स्लाइडला मागे जायचं तर खालचा सांगाडा जागेवर टिकायला हवा, आणि तो टिकतो तुमच्या मनगटावर. मनगट लुळं पडलं तर सगळं पिस्तूलच मागे येतं, स्लाइडची धाव अपुरी पडते आणि रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत उभीच्या उभी अडकते. ग्राहक म्हणतो, पिस्तूल खराब आहे. प्रशिक्षक तेच पिस्तूल घेऊन पाच राउंड सलग मारतो, आणि मग थोडी अवघड शांतता पसरते.

हात पिस्तुलाच्या मुठीवर जितका वर जाईल तितका न्या. अंगठा आणि तर्जनीमधली खोबण मुठीच्या वरच्या वळणात घट्ट बसली पाहिजे. दुसऱ्या हाताची बोटं पहिल्या हाताच्या बोटांवरून गुंडाळा, दोन्ही अंगठे एकाच बाजूला. एकही अंगठा स्लाइडच्या मागे आडवा नको. स्लाइड मागे येते तेव्हा ती अंगठ्याचं कातडं सोलून नेते, आणि ही चूक कुणी दुसऱ्यांदा करत नाही. कप धरताना खाली बशी धरावी तसा दुसरा हात मॅगझिनच्या तळाखाली लावू नका. डेझर्ट ईगलचं मॅगझिन आपल्या जागेत किंचित सैल बसतं. खालून दाब आला की ते वर ढकललं जातं आणि काडतूस नीट चढत नाही.

कंबरेतून थोडं पुढे झुका. कोपरं किंचित सैल चालतील, पण दुमडलेली नकोत. एका चांगल्या धिप्पाड गृहस्थांनी "मला काय होतंय" म्हणत कोपरं दुमडून .५० चालवलं. नळी उसळून पुढची माशी (नळीच्या टोकाकडची, नेम धरायची खूण) थेट त्यांच्या टोपीच्या छज्ज्यावर आपटली आणि छज्ज्याला अर्ध्या इंचाची चीर पडली. टोपी नसती तर ती चीर कपाळावर पडली असती. ताकद त्यांच्याकडे भरपूर होती, फक्त ती पिस्तुलामागे उभी नव्हती.

गोळी खाली का जाते

उजव्या हाताने मारणाऱ्यांच्या पहिल्या कागदावर भोकं बहुधा मधल्या काळ्या गोलाच्या खाली, डावीकडे दिसतात. लगेच "माशी हलली आहे" अशी तक्रार येते. माशी जागेवरच असते. आवाज आणि झटका येणार हे हाताला आधीच ठाऊक असतं, म्हणून चाप सुटण्याच्या ऐन क्षणी तो नळी खाली दाबून घेतो. डोळे मिटतात ते वेगळंच.

यावर एक जुनी युक्ती आहे. प्रशिक्षक तुमच्या नकळत मॅगझिनमध्ये एखादं डमी काडतूस मिसळतो. तुम्ही नेम धरता, चाप ओढता, नुसता "टिक" आवाज येतो आणि काहीही सुटलेलं नसताना नळी दोन-तीन इंच खाली जाते. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की समजावून सांगायला फारसं काही उरत नाही. काही जण हसतात, काही जण आमच्यावर चिडतात. पण पुढचा कागद बहुतेकांचा सुधारतो.

कान, डोळे, कपडे

पिस्तुलाच्या आवाजाचं शिखर १५० डेसिबलच्या वर जातं. अशा क्षणिक आवाजाला १४० ही धोक्याची रेषा मानतात. बंद रेंजमध्ये भिंतींवरून आवाज परत येतो, म्हणून मोठ्या कॅलिबरला आम्ही कानात फोमचे बोळे आणि वरून मफ, दोन्ही घालायला लावतो. दोन्हींचे आकडे बेरजेने वाढत नाहीत, एकावर दुसरं चढवल्याने पाचेक डेसिबलचाच फायदा होतो. पण कानाच्या बाबतीत पाचही पुष्कळ.

चष्मा अनिवार्य. गळ्याशी बंद कॉलर हवी. तापलेली पुंगळी उडून मोकळ्या गळ्यातून आत गेली की माणूस नाचायला लागतो, आणि त्याच्या हातात भरलेलं पिस्तूल असतं. छज्जा असलेली टोपी घाला, बंद बूट घाला.

पिस्तूल अडलं तर

चाप ओढला आणि काहीच झालं नाही, तर मागे वळून "हे चालत नाहीये" असं सांगायला जाऊ नका. नळी लक्ष्याकडेच ठेवा, बोट चापावरून काढा आणि तीस सेकंद थांबा. कधी कधी काडतूस उशिरा पेटतं. मग मोकळा हात वर करा, आम्ही येतो.

याहून वाईट म्हणजे नेहमीच्या दणक्याऐवजी फुसका आवाज येणं. दारू कमी भरली गेली असेल किंवा नीट पेटली नसेल, तर गोळी नळीतच अडकून बसते. त्यामागून दुसरी मारली तर नळी फुगते किंवा फुटते. आवाज वेगळा वाटला की तिथेच थांबा. तुमचा संशय खोटा ठरला तरी आम्हाला राग येणार नाही.

तुमचं स्वतःचं पिस्तूल तपासायचं असेल तर

ते रिकामं करून, स्लाइड मागे अडकवून, मॅगझिन वेगळं ठेवून पेटीत आणा. परवान्याची कागदपत्रं सोबत हवीत, त्यांच्याशिवाय आम्ही पेटी उघडत नाही. सगळी मॅगझिन आणा. आम्ही प्रत्येकावर खडूने आकडा टाकतो, कारण अडण्याचं मूळ पुष्कळदा पिस्तुलात नसून एखाद्या मॅगझिनच्या वाकलेल्या ओठात असतं. आकडे टाकलेले असले की चोर लगेच सापडतो.

१९११ पद्धतीच्या पाच इंची .४५ ला स्लाइड परत आणणारी स्प्रिंग मुळात १६ पाउंडांची असते. जुनी झाली की ती मऊ पडते, पुंगळ्या नेहमीपेक्षा लांब फेकल्या जातात आणि स्लाइड सांगाड्यावर आपटू लागते. त्यामुळे चाचणीत आमचा एक माणूस कागदाकडे न बघता जमिनीकडे बघत असतो. पुंगळ्या कुठे पडतात यावरून त्याला बरंच काही कळतं.

पन्नास राउंडमध्ये काय कळणार, असं विचारलं जातं. मार्च १९११ मध्ये अमेरिकी लष्कराने ब्राउनिंगच्या पिस्तुलातून ६,००० राउंड मारले. दर शंभरनंतर पाच मिनिटं थंड व्हायला दिली, दर हजारनंतर साफसफाई आणि तेल. ते एकदाही अडलं नाही आणि त्याच महिन्यात, २९ तारखेला, ते लष्करात दाखल झालं. आम्ही तेवढी परीक्षा घेत नाही. पन्नास राउंडांत मॅगझिन, स्प्रिंग, पुंगळी ओढून काढणारा हूक आणि तुमची पकड यांतलं काय दुखतंय एवढं कळतं. नव्या पिस्तुलाला मात्र पन्नास पुरत नाहीत, त्याला आणखी दोन-तीन खेपा द्या आणि दर खेपेला तेच काडतूस वापरा.

निघताना

काडतुसाच्या बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीतल्या मसाल्यात बहुधा शिशाचं संयुग असतं आणि त्याची पूड हातांवर, बाह्यांवर बसते. गार पाणी आणि साबणाने हात व तोंड धुतल्याशिवाय काही खाऊ-पिऊ नका, डोळे चोळू नका. घरी गेल्यावर कपडे वेगळे धुवा, लहान मूल असेल तर कपडे बदलल्याशिवाय त्याला उचलून घेऊ नका. पुंगळ्या आम्ही ठेवून घेतो. टार्गेटचा कागद तुमचा. त्याच्या मागे तारीख, अंतर, काडतूस आणि कितव्या मॅगझिनचा तो कागद, हे आम्ही पेन्सिलने लिहून देतो. पुढच्या वेळी येताना तो घेऊन या.