हातात मत आहे, पण त्याला वजन किती?

१९५८ साली युरोपीय आर्थिक समुदाय (आजच्या युरोपीय संघाचा पूर्वज) सुरू झाला, तेव्हा सहा सदस्य देशांच्या मंत्रिपरिषदेत मतांची वाटणी अशी होती: फ्रान्स, पश्चिम जर्मनी आणि इटली यांना प्रत्येकी ४, बेल्जियम आणि नेदरलँड्स यांना प्रत्येकी २ आणि चिमुकल्या लक्झेंबर्गला १. एकूण १७. समुदायाच्या आयोगाने, म्हणजे त्याच्या कार्यकारी मंडळाने, मांडलेला प्रस्ताव बहुमताने मंजूर व्हायला १२ मतं लागत. लोकसंख्येच्या मानाने लक्झेंबर्गची चंगळच म्हणायची.

पण जरा बेरीज करून बघा. लक्झेंबर्ग सोडला तर बाकी सगळ्यांची मतं सम आहेत. त्यामुळे त्यांच्यातल्या कुठल्याही गटाची बेरीज १० येईल, १२ येईल, पण ११ कधीच येणार नाही. १० असेल तर लक्झेंबर्ग येऊन ११ होतात आणि प्रस्ताव पडतो तो पडतोच. १२ असेल तर लक्झेंबर्गला विचारतंय कोण? म्हणजे अशा प्रस्तावांवर त्या देशाने ‘हो’ म्हटलं काय, ‘नाही’ म्हटलं काय, निकाल तोच. (बऱ्याच विषयांवर एकमत लागायचं, तिथे मात्र त्याला किंमत होती.) गंमत पुढेच आहे. १९७३ मध्ये तीन नवे देश आले आणि लक्झेंबर्गचा वाटा १७ पैकी १ वरून ५८ पैकी २ इतका घटला. बहुमताला आता ४१ मतं हवी होती. तीन मोठ्या देशांची १०, १०, १० आणि बेल्जियम, नेदरलँड्स यांची ५, ५ मिळून ४० भरतात, आणि अशा वेळी लक्झेंबर्गची २ मतं प्रस्ताव तारतात. वाटा कमी झाला आणि ताकद शून्यावरून वर आली!

मतदान करण्याचा अधिकार आणि निकाल फिरवण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कायद्यात लिहिलेली असते, दुसरी मोजावी लागते. ती मोजण्याची रीत अमेरिकेत जॉन बॅन्झाफ या कायद्याच्या अभ्यासकाने १९६५ मध्ये मांडली. आपलं मत बदललं तर निकाल बदलतो, अशा परिस्थिती किती, एवढंच मोजायचं. समजा एका मंडळात तिघांकडे ५०, ४९ आणि १ अशी मतं आहेत आणि जिंकायला ५१ हवीत. जिंकणारे गट तीनच: पहिला आणि दुसरा, पहिला आणि तिसरा, किंवा तिघेही. पहिला या तिन्हींत अपरिहार्य आहे. ४९ वाला एकाच गटात, आणि १ वालासुद्धा एकाच गटात. ४९ मतं असलेला आणि १ मत असलेला यांची ताकद सारखीच!

बॅन्झाफसमोरचं उदाहरण खरंखुरं होतं. न्यूयॉर्क राज्यातल्या नासाऊ काउंटीच्या मंडळात १९६४ च्या सुमारास सहा जणांकडे ३१, ३१, २८, २१, २ आणि २ मतं होती आणि बहुमताला ५८ लागत. पहिल्या तिघांपैकी कोणतेही दोघे एकत्र आले की काम फत्ते. उरलेले तिघे त्यांच्यातल्या एकाला जाऊन मिळाले तरी बेरीज ५६ च्या पुढे जात नाही. २१ मतं असलेला सदस्य बैठकांना नेमाने जात असेल, पण त्याच्या मताने कधीच काही घडणार नव्हतं.

हीच कल्पना लायोनेल पेनरोज या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने १९४६ मध्येच मांडली होती. (नोबेल मिळवणारे रॉजर पेनरोज हे त्यांचे चिरंजीव.) त्यांचा प्रश्न साध्या मतदाराबद्दल होता: लाखो लोकांत माझ्या एका मताने निकाल ठरण्याची शक्यता किती? प्रत्येकाने नाणं उडवून मत दिलं असं धरलं तर १०,००० मतदारांत ती सुमारे १२५ मध्ये १ असते आणि १० लाखांत सुमारे १,२५० मध्ये १. मतदार शंभरपट झाले, पण शक्यता दहापटच घटली, कारण नाणेफेकीतली चढउतार संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. यावरून निघालेला नियम असा, की देशांच्या परिषदेत प्रत्येक देशाला लोकसंख्येच्या नव्हे, तर तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात मतं द्यावीत. २००७ मध्ये पोलंडने युरोपीय संघापुढे हाच आग्रह धरला. ‘वर्गमूळ किंवा मरण’ अशी घोषणाही तिथे गाजली. गणितातल्या एका चिन्हासाठी राजकारण्यांनी इतकं हमरीतुमरीवर यावं, हे विरळाच. मागणी मान्य झाली नाही.

मला स्वतःला ते नाणं पटत नाही. खरे मतदार नाणं उडवत नाहीत, त्यांचा कल असतो. १० लाख मतदारांचा कल ५२-४८ असा पक्का असेल, तर एका मताने निकाल ठरण्याची शक्यता व्यवहारात शून्य. वर्गमुळाचा नियम गणित म्हणून सुंदर आहे, माणसांचं वर्णन म्हणून लंगडा.

मतदार दुसऱ्यांच्या वतीने मत देणारा असला की गुंता आणखी वाढतो. भारताचा राष्ट्रपती निवडताना २०२२ मध्ये सिक्कीमच्या आमदाराचं मतमूल्य ७ होतं, उत्तर प्रदेशच्या आमदाराचं २०८ आणि खासदाराचं ७००. मूल्य असं ठरवून दिलेलं, पण मतदान गुप्त आणि पक्षाचा व्हिप लागू नाही, त्यामुळे निवड ज्याची त्याची.

अमेरिकेत नेमकं उलट. तिथे राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या ५३८ निर्वाचकांपैकी प्रत्येकाला एकच मत, पण ते कुणाला द्यायचं हे बहुतेक आधीच ठरलेलं. २०१६ मध्ये सात जणांनी ठरलेलं नाव सोडून दुसऱ्याच नावाला मत दिलं. त्यांपैकी वॉशिंग्टन राज्यातल्या तिघांनी माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांची निवड केली. त्यांना प्रत्येकी १,००० डॉलर दंड झाला, ते कोर्टात गेले, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की राज्यांना निर्वाचकांना असं बांधून ठेवता येतं. सगळ्या राज्यांनी तसा कायदा केलेला नाही. जिथे तो नाही, तिथला निर्वाचक आजही मनाला येईल त्या नावाला मत देऊ शकतो.