घाटात ब्रेक दगा का देतात

खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना रस्ता सुमारे ५०० मीटर खाली येतो. माणसं आणि सामान धरून १२०० किलो भरणारी गाडी एवढी खाली आणायची, तर साधारण ५९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्यात आंघोळीची एक बादली, म्हणजे अठराएक लिटर पाणी, उकळीला येईल. दुसऱ्या हिशेबानं, ताशी ८० किलोमीटरनं धावणारी गाडी वीस वेळा थांबवण्याइतकं हे काम आहे. त्यातली थोडी ऊर्जा हवा आणि टायर खातात. उरलेली ब्रेकनं खायची की इंजिननं, हे चालकानं ठरवायचं असतं.

बरेच जण नकळत ब्रेकच्या गळ्यात सगळं घालतात. त्यातून उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडायची आपल्याकडची जुनी खोड. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार त्यासाठी बदनाम आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकनं वीसहून अधिक गाड्यांना धडक दिली. आधी ‘ब्रेक फेल’चीच चर्चा झाली, पण प्राथमिक तपासात चालकानं उतारावर इंजिनच बंद केल्याचं समोर आलं. कारमध्ये तर न्यूट्रलनं पेट्रोलही वाचत नाही. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंधन जवळपास पूर्ण तुटतं. चाकंच इंजिनाला फिरवतात आणि त्यात गाडीचा वेग खर्च होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच.

ब्रेक सतत दाबून धरले की चाकाबरोबर फिरणारी डिस्क आणि तिला दाबून धरणारे पॅड तीनचारशे अंशांपर्यंत सहज तापतात. मग दोनपैकी एक गोष्ट होते आणि कोणती, ते पायाला कळतं. पेडल घट्ट आहे, पण गाडी धरत नाही आणि जळकट वास येतोय, तर पॅडचं घर्षण संपत आलंय. पेडल स्पंजासारखं मऊ होऊन तळाला जातंय, तर ब्रेक ऑइल उकळलंय.

हे दुसरं प्रकरण जास्त दगाबाज. पायाचा दाब चाकापर्यंत पोचतो, कारण द्रव जवळजवळ दाबला जात नाही. वाफ मात्र सहज दाबली जाते. नळीत वाफेचे बुडबुडे झाले, की पायाचा सगळा जोर ते दाबण्यातच जातो. नवं डॉट ४ दर्जाचं (हा दर्जा डब्यावर लिहिलेला असतो) ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण हे द्रव्य हवेतली आर्द्रता ओढून घेतं. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं, की हमी फक्त १५५ अंशांची उरते. डॉट ३ असेल तर १४०. कोकणातल्या दमट हवेत दोनचार पावसाळे काढलेलं ऑइल त्या वाटेवर असतंच.

समजा, पेडल तळाला गेलंच. तर ते भराभर पंप करायचं. काही वेळा उरलेला दाब जमतो. त्याच वेळी एकेक गिअर खाली आणायचा, पाचव्यावरून एकदम पहिल्यावर नाही. ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअल मोड किंवा एल, म्हणजे खालचा गिअर. वेग निम्मा झाला की जिरवायची ऊर्जा पावपट उरते, म्हणून सुरुवातीचे काही सेकंद सोन्याचे. मग हँडब्रेक, पण बटण दाबून धरून हळूहळू ओढायचा. तो बहुतेक गाड्यांत फक्त मागच्या चाकांवर असतो. झटक्यात ओढला तर चाकं लॉक होऊन गाडी गरकन फिरते. इलेक्ट्रॉनिक असेल तर बरेचदा स्विच धरून ठेवला की गाडी स्वतःच जपून थांबते. आपल्या गाडीत तो कसा चालतो हे मॅन्युअलमध्ये आधीच पाहून ठेवावं. हॉर्न, हेडलाइट, इंडिकेटर सगळं चालू. काहीच जमलं नाही, तर दरीकडे न जाता डोंगराच्या बाजूला घासत न्यायची. पत्रा परवडतो.

इंजिन मात्र बंद करायचं नाही. ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनाच्या निर्वातावर चालतो. इंजिन बंद झालं की एकदोन दाबांनंतर पेडल दगडासारखं होतं. तेव्हा पंप करू नये, उरलासुरला निर्वात संपतो. दोन्ही पायांनी जोर लावून दाबून धरावं. किल्लीच्या गाडीत किल्ली काढलीत तर स्टीअरिंगही लॉक होईल.

जुने चालक सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. यात पूर्ण विज्ञान आहे: खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेकचं ओझं हलकं होतं. ब्रेक मधूनमधून ठामपणे मारून सोडले, की डिस्कला निवायला वेळ मिळतो.

गंमत अशी, की ऑइल उकळलेली गाडी तासभर थांबली की वाफ पुन्हा द्रव होते आणि पेडल पहिल्यासारखं घट्ट लागतं. मेकॅनिक एक चक्कर मारून येतो आणि ‘ब्रेक एकदम ओके’ म्हणतो. त्याला पेडल दाखवून उपयोग नाही, ऑइल कधी बदललंय ते विचारा. बहुतेक गाड्यांत दोन वर्षांनी बदलायचं असतं. आणि ते सीलबंद डब्यातलंच हवं. गॅरेजच्या फळीवर महिनोन्‌महिने उघडा पडलेला डबा तोवर हवेतलं पाणी पिऊन बसलेला असतो.